एका क्विंटलातून १३४ किलो

माझ्या आयुष्यातली निम्मी संकटं 'जमेल की' एवढ्या दोन शब्दांनी सुरू झाली आहेत. गणेश मंडळाचं खजिनदारपद मी असंच घेतलं, मेव्हण्याच्या लग्नात वाढप्यांचं पुढारपण असंच अंगावर ओढवून घेतलं, आणि अर्जुनी मोरगावच्या एका राइस मिलसाठी डेटा वेअरहाउस बांधायचं कामही असंच पत्करलं. पहिल्या दोन प्रकरणांत निदान गणपती म्हणजे काय आणि बुंदी म्हणजे काय, हे मला आधीपासून ठाऊक होतं.

मी हिशोब लिहिणारा माणूस. गावातल्या काही दुकानदारांचं आणि या मिलचं टॅलीतलं काम करतो, जीएसटीचे रिटर्न भरतो, आणि कुणाचा प्रिंटर अडला की पहिला फोन मला येतो. या शेवटच्या गुणावर गावात माझी 'कम्प्युटरवाले' अशी ख्याती आहे. ख्यातीचा तोटा असा की ती टिकवावी लागते.

मिलचे शेठजी रायपूरला एका लग्नाला गेले होते. तिथं पंगतीत शेजारी बसलेल्या कुणा कारखानदारानं डाव्या हातानं मोबाइल काढून आपल्या मालाची आजवरची विक्री रंगीत चकत्यांत दाखवली. चकतीवर बोट टेकलं की ती फुटायची आणि आतून जिल्हे निघायचे, जिल्ह्यावर टेकलं की तालुके. शेठजींचं जिलेबीवरून लक्ष उडालं. परत आल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "आपल्याकडे पण असं पाहिजे. चकती फुटली पाहिजे. जमेल ना?" पुढचं सांगायला नको.

शेठजींचे प्रश्न तसे साधे होते. कोणत्या गावच्या धानाला कनकी, म्हणजे तुकडा, जास्त पडते? कोणत्या वाणाचा उतारा चांगला? कुणाकडे किती बारदाना अडकलाय? उत्तरं मिलमध्येच होती, पण चार ठिकाणी विखुरलेली. पैसे टॅलीत, वजनं काट्यावरच्या संगणकात, सरकारी भरडाईचा हिशोब एका एक्सेल फायलीत, आणि उरलेलं सगळं, म्हणजे खरोखर काय घडलं ते, मुनीमजींच्या लाल वहीत. टॅलीला वजन माहीत नाही, काट्याला पैसे माहीत नाहीत, आणि एक्सेलला दोन्ही माहीत असलं तरी ते वेगवेगळ्या पानांवर. डेटा वेअरहाउसचा उद्योग असा की रोजच्या कामाच्या या जागांना धक्का न लावता तिथला माल उचलायचा, निवडून-पाखडून एका मापात आणायचा, आणि वेगळ्या जागी अशा बेतानं रचायचा की मागच्या कितीही वर्षांचा प्रश्न विचारा, उत्तर चटकन निघावं.

भाचा पुण्यात हिंजवडीला याच कामात आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "मामाजी, हे एका माणसाचं काम नसतं. आमच्याकडे याला टीम असते."

"आमच्याकडेही आहे. मी आणि मुनीमजी."

"मुनीमजी काय करतात?"

"विरोध."

शिकायला लागलो तेव्हा कळलं की या विद्येत दोन पंथ आहेत. १९८८ साली आयबीएमच्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी एका लेखात अशा भांडाराची मांडणी केली. पुढे १९९२ साली बिल इनमन यांचं पुस्तक आलं आणि १९९६ साली राल्फ किंबॉल यांचं. इनमन सांगतात, आधी साऱ्या संस्थेचं एकच नीटनेटकं मोठं भांडार बांधा आणि मग त्यातून एकेका खात्याला वाटा द्या. किंबॉल सांगतात, एकेक कामकाज घेऊन त्यापुरतं बांधा. फक्त शेतकरी, गाव, तारीख या याद्या सगळ्यांना सामाईक ठेवा, म्हणजे पुढं सगळं एकमेकांना जुळेल. दोघांच्या अनुयायांचा वाद अजून मिटलेला नाही. मी किंबॉलपंथी झालो. त्या पंथात लहान सुरुवात करायची मुभा होती आणि माझ्या लॅपटॉपला चार जीबीच रॅम होती.

सरावाला बहुतेक ठिकाणी एकच नमुना भेटायचा. मायक्रोसॉफ्टनं 'ॲडव्हेंचर वर्क्स' नावाची एक सायकलींची कंपनी कल्पून ठेवली आहे, तिचा सगळा काल्पनिक धंदा तुम्हाला आयता मिळतो. शेजारच्या मिलमध्ये आज किती कट्टे उतरले ते मला सांगता आलं नसतं, पण अमेरिकेतल्या डोंगरी सायकलींचा खप मला तोंडपाठ होता. एका रात्री बायकोनं विचारलं, "एक वाजला. काय करताय?"

"लाल सायकली कोणत्या तिमाहीत जास्त खपल्या ते पाहतोय."

"कुणाच्या?"

"नसलेल्या कंपनीच्या."

ती काही बोलली नाही. सकाळी सासऱ्यांचा फोन आला, तब्येत कशी आहे म्हणून.

किंबॉल यांची रीत अशी: मधोमध मोजमापांचा तक्ता, आणि भोवती कोण, कुठं, काय, कधी यांच्या याद्या. कागदावर काढलं की चांदणी दिसते, म्हणून त्याला स्टार स्कीमा म्हणायचं. पण चांदणी काढण्याआधी एक दंडक पाळावा लागतो. मधल्या तक्त्यातली एक ओळ म्हणजे नेमकं काय, ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. हे वाचून मला हसू आलं. ओळ म्हणजे काय, हेही कुणी विचारतं का!

मी गेटवर विचारलं. गेटवाला म्हणाला, एक ओळ म्हणजे एक गाडी. काट्यावर विचारलं. काटेवाला म्हणाला, एक ओळ म्हणजे एक वजन. गाडी भरलेली एकदा आणि रिकामी एकदा, म्हणजे एका गाडीच्या दोन ओळी. मुनीमजी म्हणाले, "एक लाइन म्हंजे एक मानूस जी. पैसे कोनाले द्याचे, तो मानूस." आणि इथं तर एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीन भावांचा धान येतो. म्हणजे तीच ट्रॉली गेटवर एक, काट्यावर दोन आणि वहीत तीन. तिघंही खरं बोलत होते. शेवटी शेठजींना विचारलं. ते म्हणाले, "एक ओळ म्हणजे एक ओळ. त्यात काय एवढं?"

पुष्कळ खल करून मी ठरवलं की एका गाडीतला एका शेतकऱ्याचा एका वाणाचा धान म्हणजे एक ओळ. मोठ्या अभिमानानं मुनीमजींना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मंग ते माज्या वहीतलीच लाइन झाली ना जी!"

पुढचं काम याद्यांचं. पहिली यादी वाणांची. एचएमटी हा वाण आमच्या शेजारचाच, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात एकेक लोंबी पारखून वाढवलेला. त्या काळी मनगटामनगटावर असलेल्या घड्याळाचं नाव त्याला चिकटलं. दादाजी २०१८ साली गेले. त्यांनी जन्मभर खपून जेवढे वाण दिले, जवळजवळ तेवढे आमच्या मिलच्या फायलींनी एकट्या एचएमटीचे केले होते: 'एचएमटी', 'एच. एम. टी.', 'एमएचटी', 'यचमटी', 'हमट', 'घडीवाला', आणि एक हुबेहूब 'एचएमटी' दिसणारा, पण शेवटी एक अदृश्य मोकळी जागा असलेला. हा शेवटचा शोधायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. एक जुनी फाइल कृतिदेव फाँटात होती. ती युनिकोडात उघडली तेव्हा धानाच्या वाणाच्या जागी असं काही उमटलं की बायकोसमोर स्क्रीन झाकावी लागली.

दुसरा वाण १०१०. एमटीयू १०१०, आंध्रातल्या मारुटेरूच्या केंद्रातला, पण शेतकरी नुसता आकडाच सांगतो. काट्यावरचा पोरगा घाईत गाडीचा नंबर लिहायचा राहिला की पुढचे रकाने एक घर डावीकडं सरकत, आणि वाणाच्या जागचे १०१० वजनाच्या जागी येऊन बसत. माझ्या भांडारात त्यामुळं एका शेतकऱ्यानं सायकलला बांधून १०१० क्विंटल धान आणल्याची नोंद झाली. मी ती पाहिली, आणि या भागात माणसं किती कष्टाळू आहेत म्हणून पुढं गेलो.

मग शेतकऱ्यांची यादी. एकाच गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोघं. वडिलांचं नावही एकच. मी त्यांना एक माणूस समजून त्यांचे पैसे एकत्र केले. मुनीमजींना ते कधीच अडलं नव्हतं. त्यांच्या वहीत एक 'बोडीवाला' होता आणि दुसरा 'टेशनवाला'. पुस्तकात यावर उपाय असा की नावावर विसंबू नका, प्रत्येकाला आपला स्वतःचा निरर्थक क्रमांक द्या. मी दिला. मुनीमजींनी विचारलं, "हा चारशे बारा कोन जी?" मी यादीत पाहून सांगितलं, बोडीवाला. "मंग बोडीवालाच म्हना ना."

नेमकी ओळख पटावी म्हणून मी सातबाऱ्यावरचे गट क्रमांकही एक्सेलमध्ये घेतले. ११/२ असं लिहिलं की एक्सेल त्याची ११ फेब्रुवारी करतं, ५/३ ची ५ मार्च, आणि खुद्द ७/१२ लिहिलं तर ७ डिसेंबर. फायलीत पाहिलं तर तालुक्यातली सगळी जमीन कॅलेंडरवर पसरली होती. मला फार लाज वाटली. मग वाचलं की एक्सेल काही मानवी जनुकांच्या नावांच्याही तारखा करत असे, आणि त्यापायी २०२० साली शास्त्रज्ञांनी शेवटी जनुकांचीच नावं बदलली. त्याच वर्षी इंग्लंडात जुन्या धाटणीच्या एक्सेल फायलीत ओळी मावल्या नाहीत म्हणून करोनाचे १५,८४१ रुग्ण वेळेवर आकड्यांत आलेच नाहीत. वाईट बातमी वाचून इतकं बरं मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

गावांच्या यादीनं मात्र खरी गंमत केली. आमच्या गावाचं पूर्ण नाव अर्जुनी मोरगाव. याच जिल्ह्यात दुसरा तालुका सडक अर्जुनी. रेल्वेच्या लेखी आम्ही नुसते अर्जुनी. फायलींत कुठं अर्जुनी, कुठं मोरगाव. मी गावांच्या नावांवरून नकाशा काढायला सांगितला. संगणकानं 'मोरगाव' वाचलं आणि त्याला महाराष्ट्रात एकच मोरगाव ठाऊक होतं, मयूरेश्वराचं. नकाशावर सर्वांत मोठा ठिपका थेट बारामती तालुक्यात जाऊन बसला. शेठजींनी तो बराच वेळ न्याहाळला. "एवढा धान तिकडून येतो? तिकडं तर ऊस असतो ना?" मी काही बोलायच्या आत मुनीमजी म्हणाले, "गनपतीबाप्पाची किरपा."

कालगणनेची यादी सगळ्यांत सोपी असणार, अशी माझी समजूत होती. तारीख ही तारीखच. पण मिलमध्ये चार वर्षं एकाच वेळी चालू असतात. टॅलीचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. सरकारचा खरीप पणन हंगाम १ ऑक्टोबरला. मुनीमजींची वही लक्ष्मीपूजनाला. आणि भिंतीवरचं कॅलेंडर जानेवारीला. त्यात इटियाडोह धरणाच्या पाण्यावरचा उन्हाळी धान येतो तो आणखी वेगळ्याच वेळी. 'यंदा किती माल आला?' या प्रश्नाला त्यामुळं चार उत्तरं निघतात, आणि चारही बरोबर. हेही मी निस्तरलं असतं, पण वहीत उधारीपुढं लिहिलेलं असे: 'मंडईनंतर'. भाऊबीजेपासून पुढं आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, प्रत्येक गावची वेगळ्या दिवशी, आणि रात्री नाटक. म्हणजे पैसे कधी येणार हे कळायला गाव कळायला हवं. किंबॉल यांच्या चांदणीत तारीख आणि गाव या दोन टोकांना असतात. आमच्याकडं ती एकमेकांची सोयरी निघाली.

सगळ्यांत महाग पडला तो हमीभाव. साधारण धानाचा हमीभाव २०२३-२४ साली क्विंटलला २१८३ रुपये होता, २०२४-२५ साली तो २३०० झाला. मी यादीत जुना आकडा काढून नवा टाकला आणि झोपलो. सकाळी अहवाल पाहिला तर मागच्या वर्षीच्या प्रत्येक क्विंटलमागं मी ११७ रुपये जास्त मोजले होते. मुनीमजी म्हणाले, "मागच्या सालचे पैसे वाटून झाले जी. आता तुमी कोनाले वाढवून देऊन रायले?"

"नवा भाव टाकायला जुना काढावाच लागतो ना?"

"खोडू नोका जी. कंस करा."

मला आधी कळलंच नाही. मग सातबारा आठवला. हाताच्या जुन्या उताऱ्यावर जमीन विकली गेली तरी आधीच्या मालकाचं नाव पुसत नसत. त्याला कंस करून शेजारी फेरफाराचा क्रमांक टाकत, आणि खाली नवा मालक लिहीत. कुणाकडं काय होतं आणि केव्हापासून बदललं, दोन्ही शाबूत. किंबॉल यांनी नेमकी हीच गोष्ट 'सावकाश बदलणाऱ्या याद्या' या सदराखाली मांडली आहे. पहिला प्रकार म्हणजे जुनं पुसणं. दुसरा प्रकार म्हणजे नवी ओळ लिहून जुनीवर मुदत घालणं. मी पहिल्या प्रकारानं चाललो होतो आणि तलाठी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या प्रकारानं.

एकदा कंस कळल्यावर मला चेव आला. आमच्याकडची एखादी बांधी, म्हणजे धानाचा तुकडा, घ्या. १९४९ साली ती मध्य प्रांत व वऱ्हाडात, भंडारा जिल्ह्यात. १९५० पासून मध्य प्रदेशात. १९५६ साली मुंबई राज्यात, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ पासून नव्या गोंदिया जिल्ह्यात. बांधी जागची हलली नाही, पण तिच्या पाच ओळी झाल्या. मी सगळ्या बांध्यांच्या सगळ्या ओळी घातल्या. भाच्यानं विचारलं, "मामाजी, मिल कधीची?" मी म्हटलं, गोंदिया जिल्हा झाल्यानंतरची. "मग १९४९ चा धान कुठून येणार?" हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

शेवटी चकत्या तयार झाल्या. शेठजींना राहवेना. त्यांनी गोंदियाहून दोन मिलवाल्यांना बोलावलं, जावयांनाही बोलावलं. कार्यालयात मोठा टीव्ही लावला. चहा, समोसे. मुनीमजी कोपऱ्यात वही मांडीवर घेऊन बसले होते, एखादा वकील बसावा तसे.

पहिली चकती गावांची. बारामती काढून टाकली होती. चकती फुटली, आतून गावं निघाली. पाहुण्यांनी माना डोलावल्या. शेठजींनी माझ्याकडं पाहिलं, त्या नजरेत बोनस होता.

दुसऱ्या पानावर गोदामातली शिल्लक. मी महिना निवडला, आणि पडद्यावर असा आकडा आला की एका मिलवाल्याचा समोसा हवेत थांबला. समजा गोदामात रोज संध्याकाळी पाच हजार क्विंटल धान आहे. तीस दिवसांचे ते तीस आकडे मी मोठ्या निष्ठेनं मिळवून दीड लाख केले होते. दुसरे मिलवाले गंभीर झाले. सरकारी धान भरडाईला घेणाऱ्याकडं साठ्याची तपासणी कधीही होऊ शकते, आणि इथं तर शेठजींनी भर सभेत दीड लाख क्विंटल कबूल केला होता. शेठजी कुजबुजले, "हा एवढा धान आहे कुठं?"

मुनीमजी म्हणाले, "कम्प्युटरात हाये."

सावरायला म्हणून मी घाईनं तिसरं पान उघडलं. उतारा. सरकारच्या भरडाईचा नियम सगळ्यांना पाठ असतो: एक क्विंटल धान घेतला की ६७ किलो अरवा तांदूळ द्यायचा, उसना, म्हणजे उकडा, असेल तर ६८. या आकड्यावर मिलवाल्यांची वर्षानुवर्षं कुरकुर चालू असते की एवढा उतारा पडत नाही, तुकडा फार होतो. पडद्यावर ठळक हिरव्या अक्षरांत आमच्या मिलचा उतारा आला: एका क्विंटलातून १३४ किलो.

शांतता पसरली. जावई शिकलेले होते. म्हणाले, "पप्पा, वरचे चौतीस किलो कुठून येतात?"

"टरफलालेबी तांदूर लागला जी," मुनीमजी म्हणाले.

पाहुणे मिलवाले मात्र हसले नाहीत. त्यातला एक उठून जवळ आला आणि हळूच विचारलं, "मशीन कोणत्या कंपनीची?"

दोष कुठं होता ते मला त्या रात्री सापडलं. तांदळाच्या प्रत्येक लॉटला बारदान्याच्या दोन ओळी होत्या, एक नव्या पोत्यांची, दुसरी जुन्या पोत्यांची. मी दोन तक्ते जोडले तेव्हा तोच तांदूळ दोन्ही ओळींना चिकटला आणि दुप्पट झाला. धान बिचारा वेगळ्या तक्त्यात होता, तो होता तेवढाच राहिला. ६७ दुणे १३४. निदान पाढा चुकला नव्हता.

शिल्लकीचं कोडं बायकोनं सोडवलं. मी जेवताना तिला सगळी हकिगत सांगत होतो. ती म्हणाली, "आपल्याकडं सारस मोजतात, तेव्हा रोजचे मिळवतात का?" आमच्या गोंदिया-भंडाऱ्यात आणि नदीपलीकडं बालाघाटात सारस मोजायला माणसं वेगवेगळ्या जागी एकाच वेळी बसतात, म्हणजे एकच जोडी इथून उडून तिथं दोनदा मोजली जाऊ नये. या जागेचे आणि त्या जागेचे सारस मिळवता येतात. आजचे आणि उद्याचे मिळवले तर आठवड्यात सारस दुर्मीळ राहणार नाहीत. शिल्लकीचंही तसंच. दोन गोदामांची मिळवा, दोन दिवसांची नको. पुस्तकात या जातीच्या आकड्यांना अर्धवट बेरीज होणारे म्हणतात. मी ते प्रकरण वाचलं होतं, खाली रेघही मारली होती. रेघ मारलेलं आपल्याला कळलं, असा माझा शाळेपासूनचा समज आहे.

दुरुस्त्या केल्या. उतारा माणसात आला, गोदाम गोदामाएवढं झालं. मी अहवाल घेऊन मुनीमजींकडं गेलो, वहीशी ताडून पाहायला. ओळ न्‌ ओळ जुळली. मला वाटलं, आता तरी हा माणूस काही बोलेल. ते बोलले. "पाहा जी. जुरला त वही बरोबर. नाई जुरला त मशीन चुकला. मंग तुमचा काम कायचा हाये?"

मी भाच्याला हे सांगितलं. मला वाटलं, तो हसेल. तो म्हणाला, "मामाजी, आमचे मोठमोठे साहेब हेच म्हणतात, फक्त इंग्रजीत."

तरी मी हार मानली नाही. वहीला दिसत नाही असं काहीतरी भांडारातून काढून दाखवायचंच, अशी जिद्द धरली. धानातल्या ओलाव्याच्या नोंदी घेतल्या. खरेदीत १७ टक्क्यांपर्यंत ओल चालते. गावागणिक, वाणागणिक, आठवड्यागणिक ओल कशी बदलते याचा आलेख काढायला बसलो. आलेखात एक आडवी रेघ आली. पावसातला धान १७, कडक उन्हातला १७, एचएमटी १७, हमटही १७. मला वाटलं पुन्हा माझंच काही चुकलं. सगळं तपासलं, भांडार निर्दोष होतं. मग काट्यावर जाऊन पोराला विचारलं. ओलावा मोजायच्या यंत्राचे सेल दिवाळीच्या आधीच संपले होते. कुणी विचारलं नाही म्हणून त्यानं सांगितलं नाही, आणि रकाना रिकामा राहिला की संगणक पुढं जाऊ देत नाही म्हणून तो १७ लिहीत होता.

हाच तो शोध. इनमन आणि किंबॉल या दोघांच्या पुण्याईवर, रात्री जागून, सासऱ्यांना काळजीत टाकून मी हजारो ओळींचं भांडार बांधलं, आणि त्यातून दोन पेन्सिल सेल संपल्याचं निष्पन्न झालं. शेठजींना मात्र हे फार आवडलं. वहीनं हे कधीच सांगितलं नसतं, असं ते मुनीमजींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. सेल आणले. ओल बदलू लागली. चकत्यांना मान आला.

हल्ली रोज संध्याकाळी अहवाल निघतो. शेठजी दोन दिवस चकत्या फोडत होते, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हे एक्सेलमध्ये देता येईल का?" दिलं. मग म्हणाले, "छापून देता येईल का?" छापून दिलं. तो कागद शेठजी मुनीमजींकडं देतात, आणि मुनीमजी तो सुवाच्य अक्षरात लाल वहीत उतरवून ठेवतात, कारण कागद हरवतो आणि वही हरवत नाही.

काट्यावरचा पोरगा आता सेल टाकतो, ओल मोजतो, पण इतर रकान्यांत काय भरायचं ते त्याला कुणी शिकवलं नाही. तो सकाळी मुनीमजींची वही मागून घेतो आणि कालचे आकडे पाहून संगणकात भरतो. रात्री माझं भांडार ते आकडे उचलतं, निवडतं, पाखडतं आणि दुसऱ्या संध्याकाळी अहवाल म्हणून बाहेर काढतं. हे मला कळलं तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला, पण कुणाला सांगायचं ठरेना.

परवा मुनीमजींनी स्वतःहून मला बोलावलं. एका बाजूला वही, दुसऱ्या बाजूला माझा कागद. बोट फिरवत त्यांनी दोन्ही आकडे शेवटपर्यंत ताडले. पैशाचाही फरक नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पहिल्यांदाच माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आता शिकले जी तुमी."